‘श्यामची आई’ पुन्हा वाचताना

लातूर-परभणीकडून परदेशी गेलेली बरीच मंडळी चाळिशीत ‘श्यामची आई’ पुन्हा हातात घेतात आणि वीस पानांत मिटून ठेवतात. लहानपणी रडवणारं पुस्तक आता नुसता उपदेश करतंय, असं त्यांना वाटतं. पुस्तक सलग वाचल्यानं तसं होतं. त्याची बांधणी रोज रात्री सांगितलेल्या गोष्टींची आहे. पाठोपाठ वाचलं की दर रात्रीचा बोध अंगावर येतो. आठवड्याला एकच रात्र वाचा, तीही मोठ्यानं.

आधी प्रत तपासा. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे 2011 पासून भारतात या पुस्तकावर स्वामित्वहक्क नाही. प्रती अनेकांनी काढल्या आहेत, त्यांत मुलांसाठी कापून लहान केलेल्याही आहेत. अनुक्रमणिकेत 42 रात्री हव्यात. गावाकडच्या कपाटातल्या जुन्या प्रतीचं पान दुमडताच तुटत असेल, तर ती तिथंच राहू द्या. वाचायला नवी घ्या.

लहानपणी फक्त आई दिसते. आता वडिलांचं कर्ज बघा, दारात येऊन बोलणारा सावकाराचा माणूस बघा. ‘अळणी भाजी’त मीठ नसलेली भाजी वडील मुकाट्यानं खातात, ते का, हे संसार केलेल्या माणसालाच नीट कळतं. अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या एका म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते, पण नंतर आंघोळही करायला सांगते. हा भाग मुलांसमोर गाळू नका. तिची माया खरी आणि शिवाशिवही खरी. मुलं प्रश्न विचारतील, तिथं वाचन थांबवून बोला. आमच्या मते या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं वाचन तेच.

“आपल्या गावातही असंच होतं का?” हे मुलं विचारणारच. श्यामचं गाव कोकणातलं, इंग्रजी अमलाखालचं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. पाऊस, पिकं, शाळेची भाषा, सगळंच निराळं. हे आजी-आजोबांनाच विचारू द्या. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी 8 वाजता नांदेडला उन्हाळ्यात संध्याकाळचे 5:30 वाजलेले असतात, हिवाळ्यात 6:30. एक रात्र वाचून झाली की लगेच फोन लावा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की मुलं आपला प्रश्न विसरतात.