झाडं खरंच क्वांटम ट्रिक वापरतात का?

प्रश्न: सर, यूट्यूबवर बघितलं की झाडं प्रकाशसंश्लेषणात क्वांटम कोहेरन्स वापरतात म्हणून ते 100 टक्के एफिशियंट असतं, खरंय का हे? बाबांनी प्रदर्शनातून 'क्वांटम एनर्जी'चं पेंडंट आणलंय, विकणारापण हेच उदाहरण देत होता.
— बीएस्सीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: 2007 साली तसं वाटलं होतं खरं, आता नाही वाटत. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या ग्रुपने तेव्हा एफएमओ नावाच्या प्रोटीनवर प्रयोग केला, आणि हे प्रोटीन झाडातलं नाहीच मुळी, अगदी अंधुक उजेडात जगणाऱ्या हिरव्या सल्फर बॅक्टेरियातलं आहे. त्यात क्लोरोफिलचे सात-आठ रेणू जवळजवळ बसवलेले असतात, अँटेनाने (प्रकाश पकडणाऱ्या भागाने) पकडलेली ऊर्जा रिॲक्शन सेंटरकडे, म्हणजे जिथे तिचं रासायनिक ऊर्जेत रूपांतर सुरू होतं तिथे, पोचवायचं त्यांचं काम. ते उणे 196 अंशाला थंड करून त्यावर लेझरचे पल्स मारले तर सिग्नल 660 फेम्टोसेकंद हेलकावे खात राहिला (एका सेकंदात एकावर 15 शून्यं इतके फेम्टोसेकंद असतात!) आणि ही कोहेरन्सची खूण समजून संशोधक म्हणाले, ऊर्जा सगळ्या वाटा एकदम चाचपून सर्वात चांगली निवडते.

पण कोहेरन्स म्हणजे दिंडीत सगळ्यांचे टाळ एका ठेक्यात पडणं, आणि पेशीत ऊबदार रेणूंची इतकी धक्काबुक्की चालते की ठेका लगेच मोडतो. 2017 मध्ये नेहमीच्या तापमानाला पुन्हा मोजलं तेव्हा तो साधारण 60 फेम्टोसेकंदांत संपला, आणि ऊर्जा पोचायला तर काही हजार फेम्टोसेकंद लागतात, मग वाट शोधायला त्याचा काय उपयोग? ते लांबलेले हेलकावे मुख्यतः रेणूंच्या साध्या कंपनांचे होते. एक गोष्ट मात्र पक्की क्वांटम आहे आणि ती राहणारच, ऊर्जा एकाच रेणूत न राहता शेजारच्या दोन-तीन रेणूंत वाटलेली असते.

आणि ते 100 टक्के फक्त पकडलेली ऊर्जा रिॲक्शन सेंटरपर्यंत पोचण्याबद्दल आहे. पूर्ण हिशोब धरला तर शेतातलं पीक उन्हातली जेमतेम 1-2 टक्के ऊर्जा साठवतं.

क्वांटम बायोलॉजीत रस असेल तर माझ्या मते पक्ष्यांकडे बघा. युरोपियन रॉबिन रात्री स्थलांतर करताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतो, आणि त्याच्या डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम प्रोटीनमध्ये प्रकाशामुळे तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोडीचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा चिमुकल्या चुंबकासारखा गुणधर्म) तिथे कामाला येतो असं मानतात. स्पिनचा ठेका मायक्रोसेकंदाच्या आसपास टिकू शकतो, म्हणून इथे आशा जास्त. जर्मनीत ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोल्यांत ठेवलेल्या रॉबिनना दिशाच सापडेना, मग भिंतींना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते अर्थिंग केले, तर लगेच सापडायला लागली! म्हणजे शहरातल्या यंत्रांचा रेडिओ नॉइज त्यांचं होकायंत्र बिघडवत होता, हे 2014 मध्ये छापून आलं. 2021 मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-4 चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं हेही दिसलं, पण टेस्ट ट्यूबमध्ये, जिवंत पक्ष्यात सिद्ध व्हायचंय.

पेंडंटचा यातल्या कशाशीही संबंध नाही. उलट डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने अशा काही 'क्वांटम' पेंडंट-ब्रेसलेटमधून किरणोत्सर्ग होतो, घालू नका, असं जाहीर केलं होतं. तुमच्या बाबांचं त्यातलंच आहे असं मी म्हणत नाही, पण ते सतत अंगावर ठेवायला एकही कारण नाही, आजच काढून ठेवायला सांगा.