धारणक्षमता की वहनक्षमता?

प्रश्न असा आहे : लोकसंख्या आणि पर्यावरण यांच्या समाजशास्त्रावर मराठीत वाचताना 'कॅरिंग कपॅसिटी'साठी, म्हणजे एखादा प्रदेश किती जीवांना पोसू शकतो त्या मर्यादेसाठी, कुठे 'वहनक्षमता' दिसते, कुठे 'धारणक्षमता'. बरोबर कोणता?

माझं मत धारणक्षमतेला. 'वह्' धातूत इथून तिथे नेणं आहे : वाहन, वाहक, प्रवाह. कालव्याची वहनक्षमता म्हणजे त्यातून किती पाणी जाऊ शकतं ते. जमीन माणसांना कुठे नेत नाही, ती धरून ठेवते. म्हणून 'धृ' : धरा, धरणी, आधार. मातीची जलधारणक्षमता तर शेतीत रुळलेलीच आहे. गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्द एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या मालवाहतुकीतून आला आणि पुढे गुरांच्या कुरणांना लागला. म्हणजे 'वहनक्षमता' जहाजापुरती अगदी चपखल!

मला जास्त खटकते ती 'क्षमता'. जहाजाची ठरलेली असते, जमिनीची असते का? इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसच्या १७९८ च्या मांडणीत अन्न मागे पडतं आणि लोकसंख्येला लगाम बसतो. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसेरूप यांनी १९६५ मध्ये हे उलटं केलं : माणसं वाढली की शेतीचं तंत्र बदलतं. जंगल जाळून पेरलं की राखेच्या भुसभुशीत जमिनीत टोकदार काठीही पुरते. मग वीसेक वर्षं ती पडीक ठेवायची. तोंडं वाढली की पडीक काळ घटतो, जंगलाऐवजी झुडपं उगवतात, कुदळ लागते. आणखी घटला की गवत माजतं, त्याची मुळं उलटवायला नांगर हवा. जमीन तीच, धारणक्षमता वेगळी. अर्थात कष्टही वाढतात, हे बोसेरूप यांनीच सांगितलंय.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम कॅटन यांनी १९८० मध्ये यावर बोट ठेवलं : कोळसा-तेलाच्या जोरावर वाढलेली क्षमता उसनी आहे, साठे संपले की तीही जाणार. अशा क्षमतेला त्यांनी लावलेल्या 'फँटम' विशेषणाला मी 'भासमान' म्हणेन. 'मायावी' म्हटलं की राक्षस डोळ्यांपुढे येतो.

तेव्हा नुसतं 'पृथ्वीची धारणक्षमता' लिहून थांबू नका, कोणत्या तंत्राने आणि कोणत्या राहणीमानाला धरून, तेही लिहा. आणि क्रियापद 'ओलांडणे' घ्या, 'संपणे' नको. क्षमता ओलांडल्यावरही काही काळ माणसं वाढतच राहू शकतात, आणि कॅटन यांचा सगळा भर त्याच काळावर आहे.