फार्लला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : एका आयरिश कथेचा अनुवाद करते आहे. त्यात आजी चुलीवर ‘सोडा फार्ल’ भाजते. ‘त्रिकोणी खमिरी पाव’ असे लिहिले तर चालेल का?

नाही चालणार. आधी ते ‘खमिरी’ काढा. परदेशी भाकरतुकडा दिसला की त्याला खमीर चिकटवायची खोड आपल्याकडे फार बोकाळली आहे. तिकडचा गहू मऊ, त्याला चिवटपणा कमी, यीस्टने तो नीट फुगत नाही. म्हणून 1830-40 च्या सुमारास खायचा सोडा मिळू लागला तसा तो घरोघरी गेला. ताकातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की पीठ लगेच फुगते. आंबवत ठेवायला वेळच नसतो.

आता ‘फार्ल’. हा शब्द आयरिश गेलिक आहे असे ठोकून देणारे बरेच भेटतात. तो स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडातल्या इंग्रजीच्या बहिणीचा, आहे. ‘फार्डेल’चा झिजून फार्ल झाला, आणि मुळात जुन्या इंग्रजीतले ‘चौथा’ आणि ‘वाटा’ हे दोन शब्द. अल्स्टरमधल्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातल्या बायका पिठाचा जाड गोल थापून त्याचे चार तुकडे करतात, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकतात आणि शेवटी एकेक तुकडा उभा धरून कापलेल्या कडाही शेकून घेतात.

मग आपल्याकडे घरचा शब्द असताना त्रिकोण कशाला? चतकोर! इंग्रजी ‘फोर’ आणि संस्कृत ‘चत्वारः’ एकाच मुळाचे, म्हणजे फार्ल आणि चतकोर हे नात्यानेच भाऊ. ‘कोर’ ही चंद्रकोरीतलीच, असे माझे मत. गोलाचा कापलेला भाग. चतकोराचा अर्धा तो नितकोर, हे आता भाकरी खाणारेही विसरले. फरक एवढाच, की आपण भाजून मोडतो, ते कापून भाजतात.

‘चौथा हिस्सा म्हणून पाव’ अशी व्युत्पत्ती सांगणाऱ्या पंडितांनी तर कृपा करून गप्प बसावे. मापाचा पाव ‘पाद’वरून आला, खायचा पाव पोर्तुगीजांकडून. उद्या हेच लोक तो पायाने तुडवतात म्हणून पाव, असेही सांगतील. सांगतातच म्हणा.

तुमच्या आजीला ‘सोड्याचे चतकोर’ भाजू द्या.