घरात अ‍ॅम्प लावता येत नाही. हेडफोनचं छोटं प्रॅक्टिस मशीन घेऊन ऑर्केस्ट्राची गाणी बेस गिटारवर बसवता येतील का?

येतील, आणि चांगली बसतील. फक्त दुकानदार तुम्हाला जे मशीन गळ्यात मारतोय ते घेण्याआधी हे वाचा.

तुम्ही लिहिलंय की आजवर साधी गिटार वाजवत होतात, ओळखीच्या ऑर्केस्ट्रात बेसवाल्याची जागा रिकामी झाली, नवरात्राच्या आधी वीसेक गाणी बसवायची आहेत. घर दोन खोल्यांचं, रात्री बाळ झोपलेलं, दिवसातले दोन-अडीच तास लोकलमध्ये. आणि दुकानदार शंभर इफेक्टवालं मशीन दाखवतोय. मीही नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, त्यामुळे तुमची अडचण पुरेपूर कळते.

इफेक्टवर पैसे घालू नका. ऑर्केस्ट्रात तुमची वायर डीआय बॉक्समधून (बेसचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी) थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाणार, आणि तुमचा आवाज कसा असेल ते तोच ठरवणार. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन या नावाजलेल्या बेसवादकाचा बेससुद्धा थेट मिक्सिंग डेस्कमध्येच जायचा, आणि हा माणूस उजव्या हाताच्या बहुतेक एकाच बोटाने वाजवायचा. तुम्हाला लागतं ते एवढंच: गाणं आणि तुमचा बेस एकाच वेळी कानात यावेत, गाणं सूर न बदलता हळू करता यावं, आणि त्यातला हवा तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवता यावा.

पूर्वी ही तिन्ही कामं एकाच डबीत करणारी यंत्रं मिळायची. टॅसकॅम कंपनीने तर खास बेसवाल्यांसाठीच काढली होती, आधी सीडीवर चालणारी, मग एमपीथ्रीवाली. आता हळू करणं आणि फिरवणं फोनमधलं अ‍ॅप करतं, त्यामुळे मशीनकडे उरतं पहिलं काम. त्यासाठी व्हॉक्स कंपनीच्या अ‍ॅम्पप्लगची बेसवाली आवृत्ती पुरते. ती थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायची, पेन्सिल सेलपेक्षाही बारीक दोन सेलवर चालते, फोनमधून गाणं घ्यायला ऑक्सचं भोक आहे. एक गोष्ट मात्र दुकानातच बघून घ्या. तुमच्या बेसचा जॅक बॉडीच्या कडेला असेल तर मशीन बाहेर डोकावतं, आणि मांडी घालून बसलात की मांडीला टोचतं. जॅक वरच्या बाजूला असेल तर हा त्रास नाही. टेबलावर ठेवायचं काही हवं असेल तर झूम कंपनीचं बी वन फोर बघा: त्यात हेडफोन, ऑक्स, तयार ठेके आणि लूपर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा फिरवून ऐकवणारा) सगळं आहे, तेही सेलवर चालतं. इफेक्ट त्यातही आहेत, पण ते बंद ठेवता येतात.

ब्लूटूथचा घोळ आधीच समजून घ्या, कारण नवे लोक इथेच अडकतात. फोनमधलं गाणं ब्लूटूथने मशीनमध्ये आलं आणि हेडफोन वायरचा असेल तर काही बिघडत नाही. गाणं थोडं उशिरा आलं तरी तुम्ही जे ऐकताय त्यालाच वाजवताय. पण हेडफोनच ब्लूटूथचा असेल तर तुमचा स्वतःचा बेस कानात उशिरा पोचतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. 100 च्या लयीत एक मात्रा 600 मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग 150. म्हणजे तार छेडल्यावर जवळजवळ पाव मात्रा उलटून गेल्यावर आवाज येणार. अशा अवस्थेत लय बसणं शक्यच नाही, उलट तुम्ही नकळत घाईत वाजवायला शिकाल. वायरचा हेडफोन घ्या, विषय संपला.

आता गाणी कशी उचलायची ते सांगतो. माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो: पहिले काही दिवस त्या गाण्यासाठी बेस हातात घेऊच नका. तुमचे लोकलमधले दोन तास हीच खरी प्रॅक्टिस आहे. गाणं ऐकायचं, आणि बेस तोंडाने म्हणता येईपर्यंत ऐकायचं. आवाज न काढता, ओठांतल्या ओठांत. जी ओळ तुम्हाला गुणगुणता येते ती बोटं शोधून काढतात. जी येत नाही तिथे बोटं अंदाज बांधतात, आणि अंदाज बहुतेक वेळा कॉर्डच्या मूळ सुरावर धडपडत राहतो. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला हे लगेच ओळखतो.

अडचण ही की गाडीच्या धडधडीत बेस ऐकूच येत नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की 41 हर्ट्‌झच्या आसपास सूर देते, आणि डब्याचा गडगडाटही खालच्याच पट्ट्यात असतो, तो बेसला गिळून टाकतो. फोनचा स्पीकर तर इतक्या खाली जातच नाही. तिथे तुम्हाला बेस ऐकू आल्यासारखा वाटतो तो त्या सुराच्या वरच्या पटींमुळे, 82, 123, 164 अशा. खालचा मूळ सूर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणून कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या. आणि एक युक्ती करा: अ‍ॅपमध्ये गाण्याचा सूर बारा अर्ध्या स्वरांनी, म्हणजे पूर्ण एक सप्तक वर चढवा. गायिका चिमणीसारखी चिवचिवायला लागेल, तिकडे दुर्लक्ष करा. बेस मात्र साध्या गिटारच्या जाड तारांच्या जागी येतो आणि प्रत्येक सूर सुटा सुटा कळतो. तुमचे कान गिटारला सरावलेले आहेत, तुम्हाला हे विशेष सोपं जाईल.

ऐकताना एका कागदावर गाण्याचा सांगाडा लिहून ठेवा. एम वन (पहिल्या अंतऱ्याआधीचा वाद्यांचा तुकडा; दुसऱ्याआधीचा तो एम टू) किती आवर्तनांचा, अंतऱ्यात शिरताना बेस थांबतो का, एम टूमध्ये ठेका बदलतो का. ऑर्केस्ट्रात बेसवाला सुरामुळे क्वचित चुकतो, बहुतेक वेळा कुठे थांबायचं आणि कुठे शिरायचं इथे चुकतो.

मग घरी बेस घेऊन बसा. गाण्यातला फक्त दोन आवर्तनांचा तुकडा फिरता ठेवा आणि वेग 65-70 टक्क्यांवर आणा. पन्नासच्या खाली सहसा जाऊ नका, तिथे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि तार नेमकी कधी छेडली तेच कळत नाही. हळू केल्यावर सगळ्यांचं लक्ष कुठला सूर आहे इकडे जातं. तुम्ही सूर संपतो कुठे तेही ऐका.

एक उदाहरण घेऊ. समजा कहरव्याच्या चालीचं ए मायनरमधलं गाणं आहे. बेस पहिल्या मात्रेला ए वाजवतो, म्हणजे जाड तारेचा पाचवा पडदा. मग काहीच नाही, आणि चौथ्या मात्रेला जी, जी शार्प करत पुन्हा ए. पूर्ण वेगात ऐकलं तर वाटतं पहिला ए लांबवर धरलाय. हळू करून ऐका: तो दुसऱ्या मात्रेवर, स्नेअर ड्रमचा ठोका पडतो बरोबर त्या क्षणी, कापलेला असतो. डाव्या हाताचं बोट पडद्यावरून उचललंय पण तारेवरून सोडलेलं नाही. त्या कापण्यामुळे स्नेअर उठून येतो आणि गाणं नाचायला लागतं. तोच ए तुम्ही लांबवलात तर सूर सगळे बरोबर असूनही ऑक्टोपॅडवाला तुमच्याकडे वळून बघेल. मशीनचा सगळ्यात मोठा उपयोग मला हा वाटतो.

हळू वेगात हात बसला की पाच-पाच टक्क्यांनी चढवत न्या. पण रोज शेवटी एकदा तरी पूर्ण वेगात, अख्खं गाणं, न थांबता वाजवा. चुकलं तर चुकू दे. तुकडे फिरवण्याची सवय लागली की माणूस दोन आवर्तनं अप्रतिम वाजवतो आणि तिसऱ्यात कुठे जायचं तेच विसरतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज गाण्यातल्या बेसइतकाच ठेवा, वर नको. तुमचा आणि रेकॉर्डमधला बेस एकजीव होऊन तुमचा वेगळा ऐकूच येईनासा झाला, की गाणं बसलं.

त्यानंतर रेकॉर्डमधला बेस काढून टाकायचा. मोइसेससारखी अ‍ॅप्स गाण्याचे गायन, ड्रम, बेस आणि बाकीचं असे भाग वेगळे करून देतात. जुन्या पद्धतीचा कराओकेवाला उपाय, म्हणजे डावी बाजू उजवीतून वजा करणं, तुमच्या कामाचा नाही. बहुतेक गाण्यांत बेसही गायकासारखाच मध्यभागी ठेवलेला असतो, त्यामुळे बाकीचं सोडून नेमके हे दोघे जातात. बेस ऐकायचा असताना ते उपयोगाचं नाही, आणि बेसशिवाय सराव करायचा तर गायकही हातचा जातो. उलट साठच्या दशकातल्या बीटल्सच्या कित्येक स्टिरिओ रेकॉर्डवर बेस एका बाजूला सारलेला सापडतो. एक इअरफोन काढला की काम झालं. आपल्याकडच्या त्या काळच्या गाण्यांत ही चैन नाही.

आपल्या गाण्यांत अ‍ॅपही फसतं, तेव्हा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. या प्रकारची बरीच सॉफ्टवेअरं मुख्यतः पाश्चात्त्य रॉक-पॉप गाण्यांवर शिकवलेली आहेत. त्यांना ड्रमसेट कळतो, डग्गा कळत नाही. डग्ग्यावरची घीस किंवा ढोलकीचा खालचा घुमारा ती बेसच्या भागात ढकलून देतात. आर. डी. बर्मन यांच्या रेकॉर्डिंगमध्ये टोनी वाझ यांचा बेस ऐकायला मजा येते, पण त्या काळची गाणी सगळे वादक एकत्र बसून रेकॉर्ड झालेली, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये गेलेला. अशा गाण्यात वेगळा काढलेला बेस मध्येच ‘घुंऽ’ करत खाली घसरला, तर तो बहुधा तबलजीचा तळवा समजा. शंका आली की मूळ गाणं सप्तकभर चढवून पुन्हा ऐका.

जुन्या गाण्यांची आणखी एक खोड: टेपचा वेग थोडा कमी-जास्त असल्याने गाणं दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं. तुमचा बेस त्याला लावत बसू नका. अ‍ॅपमध्ये सूर बारीक पायऱ्यांनी हलवता येतो, गाणंच तुमच्या बेसला लावून घ्या.

आणि पट्टी आधी विचारून घ्या, गाणं उचलण्याच्याही आधी. ऑर्केस्ट्रात ओरिजिनल पट्टीत गाणारे कमीच. गाणं मूळ पांढरी तीनमध्ये असेल तर रेकॉर्डवरचा बेसवाला जाड तार मोकळी सोडून आरामात वाजवत असतो. तुमची गायिका म्हणाली काळी दोन, की तो सूर चार तारांच्या बेसवर खाली उरतच नाही. मग तार अर्ध्या स्वराने उतरवायची, नाहीतर तो सूर वरच्या सप्तकात घ्यायचा, नाहीतर पाच तारांचा बेस आणायचा. मी स्वतः सप्तक बदलतो, कारण गाण्या-गाण्यांच्या मध्ये तारा उतरवायला स्टेजवर निवेदकाच्या एका विनोदाएवढाच वेळ मिळतो. म्हणून अ‍ॅपमध्ये पट्टी बदलूनच सराव करा. मोकळ्या तारांवर बसवलेली बोटं ऐनवेळी सरकवता येत नाहीत.

हेडफोनवर शिकणाऱ्याचा एक दोष हमखास राहतो, तो आतापासून सांभाळा. कानात आवाज जवळ असतो म्हणून उजवा हात मऊ पडतो, आणि न वाजवलेल्या तारा थोड्या गुणगुणल्या तरी खटकत नाहीत. स्टेजवर मोठ्या आवाजात त्याच तारा आपोआप घुमायला लागतात. छेडलेलं बोट शेजारच्या जाड तारेवर टेकून थांबवायची सवय लावा, आणि बारीक तारांवर गेलात की अंगठा जाड तारेवर ठेवा. आठवड्यातून एखाद्या वेळी तासभर तरी रिहर्सल रूमवर जाऊन खऱ्या अ‍ॅम्पवर वाजवून बघा.

रिहर्सलला मशीन जरूर न्या. चहाच्या सुट्टीत एम टू कसा होता यावरून वाद होणारच, तेव्हा कानाला लावून खात्री करून घ्यायला बरं पडतं. आणि सेलची एक जोडी जादा ठेवा. सेल उतरायला लागले की आवाज फाटतो, आणि ऑर्केस्ट्रावाले आधी तुमच्या बेसलाच नावं ठेवतात.