मी नाशिकचा आहे. मुंबईला गेल्याशिवाय भयपटाचा दिग्दर्शक होता येत नाही का? आणि कॅमेरा कोणता घेऊ?

होता येतं. अकरा वर्षांपूर्वी मला हेच उलट बाजूने ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

मुंबईत चार वर्षं सहायक होते. वडिलांचं आजारपण निघालं आणि पंचवटीत परत आले. ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर म्हणाले, "नाशिकला जातेस म्हणजे संपलीस. लग्नाचे व्हिडिओ करशील." केले, दोन सीझन केले. पाठवणीच्या वेळी बापाला कुठे बघावं ते कळत नाही, तो चेहरा मी तिथे टिपायला शिकले. भीतीही माणसाच्या चेहऱ्यावर अशीच दिसते, किंकाळीत नाही.

मग 22 मिनिटांची पहिली फिल्म केली. 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं, ते डोक्यात होतं. पूर ओसरलेल्या वाड्यात सुनेला रोज पहाटे माजघरात ओली पावलं दिसतात, एवढीच गोष्ट. जुन्या नाशकातला एक वाडा मिळाला, मालकीणबाई आजी माडीवर राहायच्या.

पावलांचा आवाज काही केल्या जमेना. शहाबादी फरशीवर ओले पाय आपटून पाहिले, ओलं फडकं आपटून पाहिलं, सगळं खोटं वाटत होतं. रात्री दोनच्या सुमारास साऊंडवाल्या मुलाने सगळ्यांना गप्प केलं आणि खोलीचा नुसता आवाज घ्यायला रेकॉर्डर लावला. एडिटला लागतो, मिनिटभर घ्यायचाच असतो. बाहेर पाऊस होता. चाळीसेक सेकंद झाले असतील आणि वर काहीतरी जड घासत गेलं. थांबलं. पुन्हा घासलं. तुळईवरची माती आमच्या लाइटच्या झोतात भुरुभुरु खाली आली. पंधरा माणसं वर बघत उभी, कुणी हललं नाही. माडी गळत होती, आजी तांब्याचा हंडा ओढून धारेखाली लावत होत्या. हे सगळ्यांना कळलं तरी कुणी बोलेना.

तोच आवाज फिल्ममध्ये घेतला आणि पावलं पूर्णपणे मुकी ठेवली.

सरांना कट दाखवला. म्हणाले, "वर कोण आहे ते दाखव, नाहीतर कुणी घेणार नाही." मी ऐकलं. एक दिवस परत शूट केलं, केस सोडलेली बाई दाखवली, वर दणदणीत म्युझिक टाकलं. पहिल्या शोला हंडा घासला तेव्हा हॉलमध्ये खोकल्याचाही आवाज नव्हता. बाई आली आणि मागच्या रांगेत पोरं हसली. तो शॉट अजून त्या फिल्ममध्ये आहे आणि मला तो अजून झोंबतो. प्रेक्षकाने मनात जे उभं केलंय त्याच्या पासंगालाही तुमचा मेकअप पुरत नाही. न दाखवण्याची हिंमत लागते आणि ती हिंमत दुसऱ्याच्या सांगण्यावरून सोडू नका, सांगणारा गुरू असला तरी.

आणि सर, तुम्ही कधी वाचलंत तर: 'राजा हरिश्चंद्र' दादरला झाला हे खरं, पण त्याच वर्षी, 1913 मध्ये, त्र्यंबकला जन्मलेले फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर' इथे केला. ते इथे येऊन संपले नाहीत.

आता तुमचं. कॅमेरा कोणताही चालेल, भाड्याने घ्या. विकत घ्यायचाच तर साधा रेकॉर्डर आणि चांगला माइक घ्या. वर्षभर स्वतःच्या घराचे रात्रीचे आवाज गोळा करा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचल्या नसतील तर आधी वाचा.

मुंबई अगदीच टाळता येते असं मात्र नाही. मिक्सिंगला आजही मीच तिकडे जाते आणि पैसे लावणारी माणसंही तिथेच बसतात. मी परत आले तेव्हा माझ्याकडे चार वर्षांच्या ओळखी होत्या, तुमच्याकडे नसतील तर वर्ष-दोन वर्षं सहायक म्हणून काढा. जुन्या नाशकात शूट करायचं असेल तर सध्या सिंहस्थाच्या कामांचा आवाज धरून चाला. संवाद मागाहून डब करायची तयारी ठेवा, पण खोलीचा तो एक मिनिट तिथेच, रात्रीच घ्या.