काढा औषधात धरायचा का?

प्रिय मुली,

पेशंट डॉक्टरी औषधांसोबत आणखी कोणते उपचार करतात, यावरची तुझ्या थिसिसची प्रश्नावली काल रात्री दोनदा वाचली. मेहनत दिसते. मराठीवरून परत इंग्रजीत केलेलं उलट भाषांतरही मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळलंय. तरी ती आहे तशी ओपीडीत नेऊ नकोस.

तिसऱ्या भागात तू विचारतेस, ‘गेल्या बारा महिन्यांत आपण वनौषधींचे सेवन केले आहे का?’ ‘वनौषधी’चं परत इंग्रजी करायला कुणालाच अवघड जात नाही, म्हणून ते जुळलं. पण हा शब्द आपल्या एकातरी पेशंटच्या तोंडून ऐकलायस का? ते म्हणतात झाडपाल्याचं औषध, गावठी औषध, मुळी, काढा.

मी पीजीला असताना मधुमेहाच्या सर्व्हेत एका आजींना विचारलं होतं, ‘डॉक्टरांच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध चालू आहे?’ ‘नाही गं बाई.’ मी ‘नाही’वर खूण केली. अंगठा घ्यायला वाकले तेव्हा चुलीशेजारी तांब्यात हिरवं पाणी दिसलं. कारल्याचा रस, चार वर्षं, रोज सकाळी अनशापोटी. ‘आजी, मग हे?’ ‘हे कुठलं औषध? हे कारलंय.’ पहाटे हातपाय थरथरतात, घाम फुटतो, हे त्यांनी दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं आणि मी ते वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलं होतं. साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणि वर साखर उतरवणारा तो रस. माझ्या कागदावर मात्र आजी ‘इतर उपचार न घेणाऱ्या’ होत्या. तुझ्या थिसिसकडे मी त्या कागदाच्या आठवणीनं बघते.

पूरक उपचारांचा वापर मोजणारी आय-कॅम-क्यू ही आंतरराष्ट्रीय प्रश्नावली मूळ म्हणून निवडलीस ते योग्यच केलंस. २००६ साली नॉर्वेत जमलेल्या संशोधकांच्या बैठकीतून ती उभी राहिली, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशोदेशीचे आकडे शेजारी ठेवता यावेत, ही तळमळ त्यामागे होती. गरजही मोठी होती. २०१२ मध्ये युरोपातल्या पाहण्यांचा आढावा निघाला, त्यात अशा उपचारांचा वापर ०.३ टक्क्यापासून ८६ टक्क्यांपर्यंत काहीही निघाला होता! अमेरिकेच्या २००२ च्या राष्ट्रीय पाहणीत तब्येतीसाठी केलेली प्रार्थना धरली तर ६२ टक्के, वगळली तर ३६. माणसं तीच, वर्ष तेच.

आपल्याकडेही बघ. २०१४ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७१ व्या फेरीत आधीच्या १५ दिवसांतल्या आजारपणांवरच्या उपचारांत आयुषचा, म्हणजे आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांचा, वाटा जेमतेम ५ ते ७ टक्के. ७९ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०२२ ते जून २०२३ मध्ये, वर्षभरात आयुष वापरणारे ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरात ५३. ‘देश आयुर्वेदाकडे वळला’ असं प्रस्तावनेत लिहिलंस तर मी ते खोडेन. पहिल्या फेरीत पंधरा दिवसांतलं दुखणं विचारलं होतं. दुसरी फेरी खास आयुषवरच होती, तिनं अख्खं वर्ष विचारलं आणि आजार होऊ नये म्हणून घेतलेलंही धरलं. मध्ये कोविड येऊन गेला तो वेगळाच.

आता दुसरा भाग: डॉक्टरांकडून मिळालेले पूरक उपचार. गावातले बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले डॉक्टर सुई देतात, सलाइन लावतात, जाताना चूर्णाची पुडीही देतात. पेशंटसाठी ते फक्त ‘आपले डॉक्टर’. पूरक काय आणि मुख्य काय, हे त्याला विचारूच नकोस. काय दिलं ते विचार आणि वर्गवारी रात्री तू कर.

चौथ्या भागात प्रार्थनेची एकच ओळ आहे. आपल्याकडे त्या ओळीत नवस, अंगारा, दृष्ट काढणं, देवऋषी, दर्ग्याचा ताईत सगळं कोंबलं जाईल. वेगळं कर. काविळीला स्वतंत्र ओळ दे. काविळीचं औषध देणारा माणूस आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक असतो, पण ‘तुम्ही वैद्याकडे गेलात का?’ याला उत्तर ‘नाही’च येतं.

सुरुवातीला यादी वाचू नकोस. ‘बरं वाटावं म्हणून काय काय करून पाहिलंत?’ एवढं विचार आणि गप्प बस. सांगून झाल्यावर यादी काढ. त्यांचा शब्द जसाच्या तसा लिहून घे, कोड नंतर. आणि ॲप्रन घालून जाऊ नकोस. १९९० च्या अमेरिकन पाहणीत असे उपचार घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे तर ‘गावठी औषध घेऊन आलात?’ म्हणून खडसावणारे डॉक्टर पेशंटांनी अनुभवलेत. तुझ्या चेहऱ्यावरची एक आठी पुढची दहा उत्तरं बदलून टाकेल.

आधी दहा-बारा जणांना नुसतं विचार, की या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं. गुरुवारी बाजार असतो, दुपारी दोननंतर बाकावर निवांत बसलेली माणसं सापडतात. पहिल्या गुरुवारी मीही येते. तू विचार, मी बाजूला बसून लिहून घेईन.

तुझी,
मॅडम