पायाळूची लाथ नको, खोक्याखाली पॅलेट ठेवा

प्रश्न: नमस्कार ताई, मी फुरसुंगीला एका गोदामात लोडिंगला आहे, पस्तीस-चाळीस किलोची खोकी जमिनीवरून उचलायची आणि टेम्पोत लावायची. गेल्या आठवड्यात खोकं घेऊन वळतानाच कमरेत अशी उसण भरली की जागेवरच बसलो. आई म्हणते पायाळू माणसाची लाथ मारून घे, सुपरवायझर म्हणतो बेल्ट बांध आणि ये कामावर. काय करू?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: दादा, आधी ती लाथ नको, अजिबात नको. आईंची माया कळते, पण मणक्यातली गादी सरकली असेल तर वरून बसलेला दणका फार महागात पडेल. कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरतेय का, पावलाला मुंग्या येतायत का ते बघा, तसं असेल तर डॉक्टरला दाखवाच. आणि लघवी अडकली किंवा सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. नुसती उसण असेल तर एक-दोन दिवस आराम ठीक, पुढे झेपेल तसं चालत-फिरत रहा.

बेल्टने निरोगी माणसाची कंबर वाचते याला ठोस पुरावा नाही. दुखणं कुठून आलं ते तुम्हीच लिहिलंय, जमिनीवरून उचललं आणि ओझ्यासकट वळलात. वाकून, हात लांब करून धरलेलं खोकं कमरेला त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जड पडतं, त्यात पीळ बसला की संपलंच. अमेरिकेतल्या नियॉश या सरकारी संस्थेच्या सूत्रात वजनाची सुरुवातच २३ किलोपासून होते, तेही खोकं अंगालगत, साधारण मांडीच्या उंचीला आणि न वळता उचललं तर, नाहीतर आकडा अजून खाली. त्यामुळे तुला उचलता येत नाही असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

सुपरवायझरला सांगा, मालाखाली तीन-चार रिकामी पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) रचा म्हणजे खोकं गुडघ्याच्या वर येतं, आणि जड खोक्याला दोघं लावा. वळायचं ते पाय उचलून, कमरेतून नाही.

आणि हे बरेच जण सोडून देतात, अपघाताची नोंद तारीख-वेळेसकट करून घ्या, नाहीतर नंतर मालक ‘घरी दुखावली असेल’ म्हणून हात वर करतात. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर कामावरच्या इजेसाठी, अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं की, पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, ठेकेदाराकडे असलात तरी. बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, तिथे दाखवा, आणि कार्ड अजून दिलं नसेल तर आजच मागा.